लायब्ररीतली मुलं

शिक्षिका लॉर्ना व्हेसेलीने हात वर केला आणि तो वर असतानाच तिला वाटलं, खाली घ्यावा. पण मुख्याध्यापक हॉगननी तिला पाहिलं होतं. शाळेच्या जेवणघरात, मुलांच्या बुटक्या बाकांवर, गावातले आईबाप गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि तासभर एकच दळण चाललं होतं: यंदा शाळेत हॅलोवीनची मिरवणूक काढायची की नाही.

ट्रिश बेन्केचं म्हणणं असं की ती स्वतः याच शाळेत चेटकीण होऊन फिरली, तिची तिन्ही मुलं फिरली, कुणाचं काय बिघडलं? मागून कुणीतरी म्हणालं, गावात आता बाहेरदेशांतून आलेले सोमाली आहेत, हमोंग आहेत, चर्चंसुद्धा नाना तऱ्हेची आहेत, त्यांचा विचार नको? करतो की, ट्रिश म्हणाली. ज्यांना नको असतं त्यांना लायब्ररीत बसवतो.

"त्याबद्दलच बोलायचंय," लॉर्ना उभी राहिली. "मी बसलेय त्या लायब्ररीत."



तिचे आईवडील 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे. घरात ना वाढदिवस, ना नाताळ, मग हॅलोवीन कुठला? ऑक्टोबर संपता संपता सगळी शाळा सोंगं घेऊन फिरायची आणि ही एकटी पृथ्वीच्या गोलासमोर बसून देशांची नावं पाठ करायची. मिरवणूक संपली की मुलं चॉकलेटने माखलेल्या तोंडांनी वर्गात परतायची आणि तिच्याशी एकदम जपून बोलायची. ते जपून बोलणं तिला सगळ्यात जास्त लागायचं. पुढे तिने तो पंथ सोडला, नवरा केला, तोही सोडला, पण ते दुपारचे दोन तास काही सुटले नाहीत. यातलं तिने काहीच सांगितलं नाही.

"माझ्या वर्गातली होदान दरवर्षी तिथे बसते," ती एवढंच म्हणाली. "आठ वर्षांची पोर आहे. तू आमच्यातली नाहीस, हे आपण तिला दर वर्षी नव्याने सांगतो. कशासाठी?"

हॉगननी दाराशी उभ्या असलेल्या होदानच्या आईला विचारलं. इफ्राह टर्की पक्ष्यांचं मांस भरणाऱ्या कारखान्यातून तशीच आली होती, अंगात अजून कामाचा कोट होता.

"आम्ही चिठ्ठी देतो, ती लायब्ररीत बसते," ती म्हणाली. "आमची काही तक्रार नाही."

बिचारी भिडेपोटी बोलतेय, असं लॉर्नाच्या मनात आलं. बाकीच्यांच्याही आलं असावं, कारण मतं घेतली तेव्हा मिरवणूक नको असंच ठरलं.

बाहेर गाडीपाशी ट्रिशने तिला गाठलं. "तुझ्या लहानपणाचं उट्टं माझ्या पोरांवर का काढतेस गं?" लॉर्ना गाडीत बसून निघून गेली. पण पुढचे तीन आठवडे ती मनातल्या मनात ट्रिशशीच भांडत राहिली. दुकानात ओळखीच्या बायका भोपळ्यांच्या ढिगाआड तोंड फिरवायच्या. रात्री झोप लागेना. प्रत्येक वेळी ती स्वतःला बजावायची, हॅलोवीनच्या दिवशी होदानचा चेहरा बघ, मग कळेल.

तो दिवस उजाडला आणि इतर दिवसांसारखा सरकू लागला. भागाकार झाला, शुद्धलेखन झालं. पोरं फुरंगटून बसली होती. लॉर्ना दर थोड्या वेळाने होदानकडे बघत होती. होदानचं लक्ष मात्र घड्याळाकडे. दुपारी वर्ग खेळाच्या तासाला रांग करून निघाला, तेव्हा ती हातात एक डबा घेऊन टेबलाशी आली.

"मिस व्हेसेली, मी जाऊ लायब्ररीत?"

लॉर्ना तिच्याएवढी होऊन खाली बसली. या क्षणाची ती किती दिवस वाट बघत होती. "आता जायचं नाही, राणी. मिरवणूकच नाही ना यंदा. कुणालाच वेगळं बसावं लागणार नाही."

होदानने सामोशांच्या डब्याकडे पाहिलं. "मग सांबुसे कोण खाणार? आईने सगळ्यांना पुरतील एवढे दिलेत."

"सगळे म्हणजे?"

"लायब्ररीतले." मग ती भराभर सांगू लागली. तिथे ते आठ-नऊ जण असतात, सगळ्या वर्गांतले. लायब्ररीच्या बाई मिरवणूक बघायला जातात, त्यामुळे गप्प बसा म्हणायला कुणी नसतं. लेव्ही पाचवीतला आहे, एरवी ओळख पण दाखवत नाही. पण त्या दिवशी तो टेबलावर बसून गोष्ट सांगतो. दर वर्षी थोडी. "गेल्या वर्षी त्यांची पाणबुडी बर्फाखाली अडकली. आता तो मोठ्या शाळेत जाणार. मग आम्हाला कधी कळणार?" तिने डबा टेबलावर ठेवला. "तुम्ही का बंद केलं?"

 पोर तिथे एकटी असते का, हे लॉर्नाने कधी तपासूनच पाहिलं नव्हतं. ती उठली, ऑफिसला फोन लावला आणि दरवर्षीच्या मुलांना लायब्ररीत पाठवायला सांगितलं.

"लॉर्ना, अगं, त्यांना वेगळं बसवायचं नाही म्हणून तर सगळं रद्द केलं," हॉगन म्हणाले. "तूच ना ती?"

"हो, सर, मीच. तरी पाठवा त्यांना."

लॉर्नाने लायब्ररीच्या बाईंना बाहेर बोलावलं, आणि एकेक करून मुलं लायब्ररीपाशी आली. कुणाच्या हातात भाताचा डबा होता, कुणाच्या हातात लाह्यांची पिशवी. लेव्ही सगळ्यात शेवटी आला, खिशात हात घालून, आपल्याला काही पडलेली नाही अशा चालीने. लॉर्ना त्यांच्या मागोमाग आत निघाली, तसा तो दारात थांबला.

"मोठी माणसं आत नसतात, मिस," तो नम्रपणे म्हणाला.

"मी पण तुझ्यासारखी साक्षीदारांच्या घरातलीच," लॉर्ना म्हणाली. "मी पण इथे बसायचे."

लेव्हीने क्षणभर विचार केला. "कुणाबरोबर?" त्याने विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. त्याने हळूच दार लावून घेतलं. आत बाकं सरकवल्याचा आवाज आला, मग हसणं, मग एकदम शांतता. गोष्ट सुरू झाली असावी. लॉर्ना दाराला कान लावून उभी राहिली, पण शब्द कळेनात, आणि तिला त्या पोरांचा सरळसरळ हेवा वाटला.