दशमीच्या साडीला भोकं कुणी पाडली

मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर विश्वास नाही. जिच्या तोंडाला जन्मतःच कुलूप लागलं, ती भोळी कशी राहणार? तुम्ही माझी गोष्ट खुशाल वाचा, पण हात माझ्या कडीपासून जरा लांबच असू द्या.

माझा जन्म बंगालमधल्या शांतिपूरचा. निबारण कर्मकार नावाच्या लोहाराने मला घडवलं. तो पत्रा ठोकायला बसला की गंगेपलीकडे गुप्तिपाड्यातले लोक दार उघडून बघायचे, कोण आलं म्हणून. माझं कुलूप त्याने इतकं कडक बसवलं की चावी फिरली रे फिरली, की मागच्या तळ्यातली बदकं बुडी मारायची. झाकणावर त्याने दोन गुलाब आणि एक मोर रंगवला. मोराचा डोळा जरा तिरका झाला, आणि तेव्हापासून मी सगळ्या जगाकडे तिरकंच बघत आले.

क्षीरोदा नावाच्या मुलीला मी लग्नात मिळाले. तिचं सासर कृष्णनगरला. अडीच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती मला बैलगाडीत घालून माहेरी परत आली. तेव्हापासून आम्ही दोघी बसाकांच्या घरात, तळ्याकडच्या खोलीत राहतो. भावाची मुलं तिला पिशीमा म्हणायची, म्हणजे आत्या. पुढे त्यांच्या बायका म्हणू लागल्या आणि शेवटी सगळी आळी. त्या घरात पिशीमाच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी. एक मी, आणि दुसरी पदराच्या टोकाला बांधलेली माझी चावी.

मी काय काय सांभाळलं म्हणून सांगू? लोकरीचे कपडे, गोधड्या, जन्मपत्रिका, पितळेचे दिवे. एका पुरात तर पिशीमा, तिची मांजर आणि शेजाऱ्यांची बकरी यांना पाठीवर घेऊन मी देवळाच्या पायरीपर्यंत पोहत गेले. बकरी आज हयात नाही, नाहीतर तिने साक्ष दिली असती. घरी कुणी पाहुणे आले की पिशीमा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "हिच्या पोटात ठेवलेलं यमालासुद्धा सापडायचं नाही." मी फुगून जायचे.

बसाक हे विणकर. शिबनाथ आणि भोलानाथ हे पिशीमाचे दोन भाचे, समोरासमोर मांडलेल्या दोन मागांवर बसतात. एकाचा खटका वाजला की लगेच दुसऱ्याचा, दिवसभर जणू दोघे भाऊ एकमेकांना ओ देत असतात. या घरात कापडाला खळ नसणं म्हणजे माणसाच्या अंगावर कपडा नसण्यासारखं. साळीच्या लाह्या भिजवून, कुटून, त्यांची खळ सुताला चोपडतात. साडी धुतली की पुन्हा खळ. पिशीमाला तर घडी अशी हवी की तिच्या काठाने बोट कापावं.

माझ्या तळाशी लाल फडक्यात गुंडाळलेली एक साडी असते. पांढरी, लाल काठाची. पिशीमाच्या भावाने आपल्या बायकोसाठी विणलेली. तो गेला, ती गेली, साडी राहिली. दुर्गापूजेच्या दशमीला देवीला निरोप द्यायचा तो ही साडी नेसून, तिच्या तोंडाला पान आणि मिठाई लावून. मंडपातल्या बायका आधी साडी बघतात, मग देवी. थोरली सून, शिबनाथची बायको लावण्य, हिने ती दहा वर्षं नेसली. यंदा तिने आपणहून सांगितलं, "यावेळी टगर नेसू दे." टगर ही धाकटी सून, भोलानाथची बायको. आपणहून म्हणजे पिशीमाने सहा वेळा आठवण करून दिल्यावर.

मग भाद्र महिना आला. पावसात दमट झालेलं सगळं या महिन्याच्या उन्हात काढायचं, ही आमच्याकडची रीत. अंगणाअंगणात गाद्या, शाली, पोथ्या. पिशीमाने मला उघडलं. टगरने मोठ्या हौसेने लाल फडकं सोडलं, साडीची घडी उलगडली आणि तशीच उभी राहिली.

घडीच्या रेघेवर भोकं होती. बारीक, वेडीवाकडी, पण ओळीने. मधेमधे कापड कुणी खरवडावं तसं विरलेलं, आणि पिवळट डाग.

"दहा वर्षं काही झालं नाही," टगर हळूच म्हणाली. "अकराव्या वर्षी माझा नंबर लागला, तर नेमकी आत्ताच भोकं पडली. नवल आहे, दीदी."

लावण्यने पापड उलटायचे थांबवले. "माझ्याकडे काय बघतेस? आषाढात गोधडी काढायला चावी कोण घेऊन गेलं होतं?"

"मी माझ्याच साडीला भोकं पाडीन?"

"तुझी कधी झाली ती? अजून नेसलीस कुठे?"

"बघा पिशीमा, कशा बोलतात. कात्रीचं टोक लावून टोचलंय हे, आंधळ्यालासुद्धा कळेल."

मित्रांनो, खरं सांगते, मला तर दोघींचाही संशय आला. मग परटाचा आला. मांजराचा आला. उंदराचा आला असता, पण माझ्यात शिरेल असा उंदीर आमच्या नदिया जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. एका दुपारी तर मला पिशीमाचाही संशय आला, कारण चावी शेवटी तिच्याच पदराला. ज्याने ज्याने म्हणून माझं झाकण उघडलं होतं, त्या प्रत्येकाकडे माझा मोर तिरका बघू लागला.

घरात बोलणं बंद झालं. मागांचे खटके चुकू लागले. शिबनाथचा वाजे तेव्हा भोलानाथचा थांबलेला. चौथ्या दिवशी भोलानाथ म्हणाला, "दादा, दोन चुली करू. मधे भिंत घालू. रोजची कटकट नको."

"घाल," शिबनाथ म्हणाला. बस्स, एवढंच.

भिंत दशमीनंतर घालायची ठरली, आणि इद्रिस गवंडी येऊन दोरी ताणून गेला. अंगणाच्या या खांबापासून निघालेली दोरी थेट पिशीमाच्या खोलीत शिरत होती.

"दादा, दोरी म्हातारीच्या उशीवरून जातेय," इद्रिस म्हणाला.

"पिशीमा सहा महिने आमच्याकडे राहील, सहा महिने त्यांच्याकडे," शिबनाथ म्हणाला. पिशीमा तिथेच बसून वाती वळत होती. तिला कुणी विचारलं नाही. पन्नास वर्षं ज्या खोलीत पाठ टेकली, ती खोली दशमीनंतर उरणार नव्हती. तिची बोटं वात वळायची थांबली, एवढंच मी पाहिलं.

जाता जाता इद्रिसने माझ्यामागच्या भिंतीला हात लावला आणि लुंगीला पुसला. "ही भिंत निथळतेय. वरची पन्हळ फुटलीय. आधी ती बघा, मग नवी भिंत घाला."

भाच्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पिशीमाने मात्र ऐकलं. तिने माझ्या पाठीमागे हात घातला. मी भिंतीला अगदी चिकटून, थेट जमिनीवर. तिचा हात ओला झाला. मग तिने माझ्या तळाच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. बोटाला रुपेरी भुगा लागला. तो उजेडात धरून ती बराच वेळ बघत राहिली.

संध्याकाळी तिने कासुंदीची, म्हणजे मोहरीच्या चटणीची, रिकामी काचेची बरणी घेतली, बाहेरून तिला खरखरीत चिंधी गुंडाळली, आत मूठभर लाह्या टाकल्या आणि बरणी माझ्या पोटात ठेवून झाकण लावलं. दोघी सुना दारातून बघत होत्या.

"ट्रंकेला नैवेद्य दाखवतायत," लावण्य पुटपुटली.

"चोर लाह्या खायला येणार असतील," टगर म्हणाली.

भांडणानंतर दोघी एकमेकींशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

सकाळी पिशीमाने दोघींना बोलावलं. बरणीत अकरा कैदी होते. चपळ, रुपेरी, माशासारखे निमुळते, पुढे दोन मिशा आणि मागे तीन शेपट्या. चिंधीवरून चढून लाह्यांच्या वासाने आत उतरले होते, पण आतली काच गुळगुळीत, वर यायला पाय धरेना.

"ही कसर," पिशीमा म्हणाली. "बघ थोरले, बघ धाकटे. यांच्यातल्या कुणाच्या हातात कात्री दिसतेय का?"

मग तिघींनी मिळून मला अंगणात ओढलं आणि झाकण उघडं टाकून भर उन्हात ठेवलं. भाद्राच्या उन्हात माझा पत्रा असा तापला की वर पुऱ्या तळून निघाल्या असत्या. पिशीमाने माझ्या आतल्या अंगाला चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्राचं एक टोक धरून ओढलं. कागदामागून कसर अशी सैरावैरा पळाली की टगर खाटेवर चढली. लावण्यने झाडू घेतला.

आता मी लपवलेलं सांगते. पावसाळ्यात माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. तळाशी चांदीचा भुगा दिसायचा. मला वाटायचं, वयाबरोबर मी आतून चांदीची होत चालले. म्हणून मी गप्प बसले. सगळ्या बाहेरच्यांवर पहारा केला आणि पोटातल्यांना पोसलं.

पण माझ्यापेक्षा अवघड पिशीमाचं होतं. तो कागद तिनेच चिकटवला होता, मागावरच्या उरलेल्या लाह्यांच्या खळीने. साडीलाही खळ तिनेच केली होती, घडी कडक राहावी म्हणून. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं, आणि जिची खोली जाणार तिने आपली चूक कशाला सांगावी? तिने तो कागद दोघींसमोर धरला.

"चोरांना घर मी बांधून दिलं. जेवायलाही मीच वाढलं. डांबराच्या गोळ्या टाकल्या की झालं, असं मला वाटायचं. तुम्ही दोघी माझ्यापायी भांडलात. आता मला कुठल्या बाजूला टाकायचं ते टाका."

मग लावण्य खाली बसली आणि ओल्या फडक्याने माझ्या कडांचा चिकटलेला कागद घासू लागली. टगर खाटेवरून उतरली आणि दुसरी बाजू घासू लागली.

"दीदी, कोपऱ्यात राहिलंय."

"दिसतंय मला. डोळे आहेत."

दुपारी भोलानाथ मागावरून उठून आला. अंगणभर शाली, पोथ्या, गोधड्या पसरलेल्या, आणि इद्रिसच्या दोरीवर दशमीची साडी वाळत घातलेली. तिची खळ दोन पाण्यांनी पार धुऊन काढली होती.

"मग ही दोरी सोडायची का?" त्याने चाचरत विचारलं.

"राहू दे," लावण्य म्हणाली. "कपडे वाळत घालायला बरी आहे. तुम्ही आधी पन्हळ दुरुस्त करा. आणि दादांना सांगा, भिंत घालायची नाहीये, आहे ती कोरडी करायचीय."

दोरीवरची साडी वाऱ्याने सरकली, ती टगरने जाऊन नीट केली.

दशमीला टगर तीच साडी नेसली. भोकं लावण्यने रफू केली होती, पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने. मंडपातल्या एका बाईने डोळे बारीक करून विचारलं, "हे कसलं काम गं?" टगरच्या आधी लावण्यच म्हणाली, "आमच्याच घरचं. बाजारात मिळत नाही." पिशीमा त्या संध्याकाळी आपल्या खोलीत, आपल्या उशीवर, पाय पसरून झोपली.

आता मी चार विटांवर उभी असते, भिंतीपासून हातभर लांब. माझ्या पोटात कागद नाही. साडी खळ न घालता, पूर्ण वाळवून ठेवतात. सोबत वाळलेला कडुलिंब आणि पुरचुंडीत कलौंजी असते. पण पिशीमा म्हणते, त्याने कसर नुसती नाक मुरडते. तिला घालवायचं तर ओल जायला हवी.

मित्रांनो, संशय घ्यायला माझी ना नाही. पण माणसावर घेण्याआधी फुटक्या पन्हळीवर घ्या, ओल्या भिंतीवर घ्या, ज्याला वर्षानुवर्षं कुणी हलवलं नाही त्या कपाटावर घ्या. दर महिन्याला आम्हाला उघडा, रिकामं करा, ऊन दाखवा. मी कुरकुर करीन, कडी अडकवीन, चावी फिरू देणार नाही. मी ट्रंक आहे, मला बंद राहायची हौस आहे. माझं ऐकू नका.