ओलेतीचं डबकं

मावशींनी उभा जन्म रोपवाटिकेत काढला होता, पण ओलेतीने त्यांच्या नाकी नऊ आणले.

ओलेती म्हणजे दलदलीत आपोआप उगवणारं निळं रानफूल. पाय सदा पाण्यात, म्हणून नाव ओलेती. मावशी आणि त्यांची थोरली बहीण अशाच एका दलदलीच्या काठी वाढल्या. शाळा बुडवून दोघी गुडघाभर चिखलात उतरायच्या आणि घरी मार मात्र ताई एकटी खायची. पुढे त्या दलदलीवर भराव पडला, गोदामं उभी राहिली. भरावाच्या गाड्या यायच्या आधी मावशींनी एक गड्डा उपटून आणला होता. तेवढीच काय ती ओलेती उरली.

आता ताई अंथरुणाला खिळली होती. छातीचं दुखणं. डॉक्टर बोलताना मावशींच्या नजरेला नजर देत नसत, त्यावरून काय ते कळत होतं. ताईचं मागणं एकच.

"एकदा ओलेती फुललेली बघू दे गं. मग मी मोकळी."

"मोकळी म्हणे! मग मी भांडू कोणाशी?" मावशी फणकारायच्या आणि बाहेर जाऊन डोळे पुसायच्या.

आधी त्यांनी सगळी अक्कल पाजळून पाहिली होती. नवी कुंडी, तळाला भोक, भोकावर खापरी, वाळू मिसळलेली माती. ओलेतीने मान टाकली. कुंडीत पाणी साचू देऊ नका, म्हणून ज्या बाईने जगाला दटावलं, तिनेच शेवटी हट्ट सोडला. ताईच्या खिडकीखाली मोरीचा पाइप गळत होता. तिथे एक जुना टब पुरला आणि खुशाल डबकं होऊ दिलं. डास झाले, कुबट वास सुटला, भिंतीला ओल चढली. पण ओलेती तरारली आणि यंदा तिने कळ्या धरल्या.

तेवढ्यात ताईला तपासण्यांसाठी दवाखान्यात ठेवावं लागलं. मावशी सोबत राहिल्या. घराची किल्ली ताईच्या जावयाकडे गेली. जावई नळकाम करणारा, माणूस लाखात एक, पण हात स्वस्थ बसतील तर शपथ.

दोघी घरी परतल्या. ताईला पलंगावर निजवलं, तोच जावई मावशींना मागे घेऊन गेला. खिडकीखाली गुळगुळीत सिमेंट होतं.

"डॉक्टर म्हणाले, ओलीने आईंची छाती भरते. म्हटलं, हे डबकंच नको. पाइप बदलला, टब काढला." त्याने कोपऱ्यातली नवीकोरी कुंडी पुढे केली. "आणि तुमचं झाड टाकलं नाही हां मावशी. मुळं सडून पार काळी पडली होती. तुम्हीच शिकवलंत ना, सडकी मुळं छाटायची? एक ठेवलं नाही."

ओलेतीची मुळं काळीच असतात. मावशींनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या तोंडाशी शिवी आली होती. पण द्यायची कोणाला? जावयाच्या केसांत सिमेंट होतं, तळहाताला फोड आले होते. आणि ताईचा खोकला तर मावशींनीही ऐकला होता. भिंतीची ओल दिसत होती, तरी त्या पाणी घालतच राहिल्या होत्या. त्याने ताईचा श्वास पाहिला आणि त्यांनी कळ्या पाहिल्या. बोलायला तोंड होतं कुठे?

जावई हातपाय धुवायला गेला, तेव्हा त्यांनी कुंडी गळ्यापर्यंत बादलीत बुडवली. आपण वेड्यासारखं करतोय हे त्यांना कळत होतं. मुळं नसलेलं झाड पाणी पिणार कशाने? देठ बादलीच्या काठावर लोळत होते आणि कळ्या बोट लागताच गळत होत्या.

त्या आत आल्या. ताई उशीला टेकून बसली होती.

"फुलली का गं?"

मावशींना खोटं सुचेना. "नाही, ताई. गेली."

"कशाने?"

मावशींनी सांगितलं. मुळांचंही सांगितलं. ताईने डोळे मिटून घेतले. तिची छाती आज घरघरत नव्हती, हे मावशींना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

"त्याला कळू देऊ नकोस," ताई म्हणाली.

"नाही कळू देणार."

"मला बघायची होती गं."

मावशींनी तिचा हात धरला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात जावई हात पुसत दारात आला. "काय आई, वास गेला की नाही? बरं वाटतंय ना?"

"खूप बरं वाटतंय," ताई म्हणाली. "श्वास कसा मोकळा झालाय बघा."

त्याचा चेहरा फुलला. त्याने खुर्ची ओढली, ऐसपैस बसला आणि पाइप कसा बदलला ते पहिल्यापासून सांगू लागला. मावशींनी चहा टाकला. त्याचं सांगणं संपेपर्यंत दोघी बहिणींना हसत बसायचं होतं.