रानवाटेवर तिघं

“तुम्ही व्हा पुढे. तिला चालायची सवय नाही, येईल सावकाश,” आई म्हणाली. तिच्या उजव्या बाजूला कोणीच नव्हतं.

स्टेशनच्या दारातल्या तिकीट तपासनिसाने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. “काकू, आज लेकीलाही आणलंत फिरायला?”

“तीच आलीय मला न्यायला. कायमची. शेजाऱ्यांनी फोन केला तिला, म्हातारी हवेशी बोलते म्हणून.” आई हसली. “हवेशी बोलायला मला काय वेड लागलंय?”

अप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं. ते रेल्वेत गँगमन होते. सबंध नोकरी रूळ तपासत चालण्यात गेली, आणि सुट्टीच्या दिवशी हा माणूस पुन्हा चालायलाच निघे: स्टेशनमागच्या रानातून समुद्रापर्यंत, आईला घेऊन. मला कधी नेलं नाही. घरात माझ्याशी त्यांचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘दिवा मालव’ यापलीकडे जात नसे.

रानात ऊन शेंड्यांवरच अडकलं होतं. खाली ओलसर अंधार. आई वाटेच्या कडेने चालत होती, एका माणसाची जागा सोडून. त्या जागेत पाऊल टाकायला मी धजले नाही. संध्याकाळी हिचं सामान भरायचं, सकाळच्या गाडीने निघायचं, एवढंच मनात घोकत राहिले.

मागे स्टेशनात गाडीची शिट्टी झाली. आईने दंड धरून मला वाटेवरून खाली ओढलं.

“अगं, इथे कुठे रूळ आहेत?”

“मीही हेच म्हणायचे. ऐकतील तर शपथ! शिट्टी वाजली की बाजूला, मग रान असो की बाजार.”

गाडीचा आवाज विरेपर्यंत आम्ही झुडपात उभ्या होतो. समोरची वाट रिकामी होती, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

झाडं संपली आणि समुद्र आला. आई एका ओंडक्यावर टेकली, शेजारी जागा ठेवून, आणि बोलू लागली. नळ गळतो, गुडघा धरतो, लेक न्यायला आलीय. मधे मधे थांबे. ते थांबणं एखाद्या उत्तराएवढं लांब असे. एकदा ती खुदकन हसली. अप्पांनी कोणाला हसवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तिला समजवायचंच, असं ठरवून मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. डॉक्टर, औषधं, माझ्याकडची मोकळी खोली, सगळं तोंडपाठ होतं.

“माझ्याबद्दल काही म्हणतात का गं?” मी विचारलं.

आईने मान वर केली. तिला जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“मला काय विचारतेस? त्यांनाच विचार.”

गुडघ्यावर हात देऊन ती उठली. मला ओंडक्यावर बसवलं आणि वाळूतून बरीच लांब चालत गेली. मग आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, बापलेकीचं बोलणं कानावर पडू नये म्हणून.