मामाच्या पत्रिकेचे पंख

आमचे हे साखर कारखान्यातून रिटायर झाले आणि माझं लाटणं गेलं. त्यावर कागद गुंडाळायचा, कणकेची खळ फासायची आणि रॉकेटची नळी करायची. इंजिन तेवढं पुण्याहून येतं, बाकी नळी, टोक, पंख सगळं कागदाचं आणि घरचं. चपात्या मी सरबताच्या बाटलीनं लाटते.

माझ्या धाकट्या भावाचं, भरतेशचं रान आमच्या बांधाला लागूनच. दोन वर्षांमागं तो चारचौघांत बोलून गेला, "दाजींच्या रॉकेटपेक्षा माझं रेडकू उंच उडी मारतंय." गाव हसलं आणि त्या दिवसापासून ह्यांनी तो बांध ओलांडला नाही.

आता आमच्या दीपालीचं लग्न ठरलं. मुलगा लोणंदचा. आमच्याकडची रीत अशी, की पत्रिका घरच्या कर्त्यानं कुंकू लावून स्वतः हातात द्यायची. भरतेशचं नाव घालून मी पत्रिका ह्यांच्यापुढं ठेवली.

"त्यानं आधी शब्द मागं घ्यावा," हे म्हणाले.

भरतेशला फोन केला, तर तो म्हणाला, "आक्का, दाजी सोता आलं तरच मी येनार."

एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं! पण अक्षता पडताना पोरीमागं मामा उभा नसेल, या विचारानं माझा जीव तुटायचा.

एका सकाळी पत्रिका जागेवर नव्हती. हे पत्रिका द्यायला गेले एकदाचे, म्हणून मी हरखले. अंगणात आले तर नवं रॉकेट उभं, पत्रिकेच्या जाड, गुळगुळीत कागदाचे पंख लावून. एका पंखावर माझ्याच अक्षरात भरतेशचं नाव.

"आवं, ह्ये काय केलंसा?"

"कागद लय झ्याक हाय. वाया कशाला घालवायचा?"

"आग लागो तुमच्या त्या रॉकेटला!"

"तीच लावाय निघालोय," म्हणत हे रानात गेले. मीही तणतणत मागं गेले.

रॉकेट गेलं मात्र झकास, माझी मान दुखेपर्यंत वर. पण गुळगुळीत कागदाला खळ कुठली धरतेय? भरतेशच्या नावाचा पंख निसटून लोंबकळला आणि रॉकेट वाकडं होऊन थेट त्याच्याच उसात पडलं. हे बांधापर्यंत धावले. एक पाय उचलला, परत खाली ठेवला आणि मुकाट घरी आले.

संध्याकाळी भरतेश दारात उभा. काखेत रॉकेट, हातात तो पंख. ह्यांनी पेपरात तोंड घातलं.

"दाजी, तुमचं पाव्हनं माझ्या उसात आलंय."

ह्यांनी पेपराचं पान उलटलं.

"लय उंच गेलं हुतं. म्या बघितलं."

पेपर थोडा खाली आला. "किती?"

"नारळाच्याबी वर."

"आनी रेडकापेक्षा?"

भरतेशनं माझ्याकडं पाहिलं. मी डोळे वटारले.

"चुकलं माझं, दाजी," तो म्हणाला.

हे उठले. देव्हाऱ्यातून कुंकू आणलं, पंखाला बोट टेकवलं आणि तो पंख दोन्ही हातांनी भरतेशच्या हातात दिला.

"लग्नाला सहकुटुंब यायचं," हे म्हणाले. "आनी येताना जरा चांगला डिंक घिऊन ये."