कागदापेक्षा एका वर्षाने तरुण

किशनराव खिल्लारे यांनी आयुष्यात दोनदाच पेढे वाटले. एकदा लेक करुणा नर्सिंगची परीक्षा पास झाली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा गेल्या जानेवारीत, स्वतः तरुण असल्याचा कागद हातात पडला तेव्हा.

झालं असं, की कुठल्याशा वैद्यकीय संस्थेचं पथक गावात आलं होतं. पन्नाशीपुढच्या माणसांचं जैविक वय मोजायचं होतं. म्हणजे जन्मतारीख काही का असेना, शरीर आतून किती वर्षांचं झालंय ते बघायचं. रक्त घेतलं, बीपी पाहिलं, कंबर मोजली, मुठीत एक यंत्र देऊन जोर लावायला सांगितलं, खुर्चीतून तीस सेकंदांत कितीदा उठता येतं ते मोजलं. पंधरा दिवसांनी कागद आला. आधार कार्डावरचं वय एकसष्ट, शरीराचं वय साठ.

फरक अवघा एका वर्षाचा, पण किशनरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी मोटारसायकलनं कनेरगाव नाक्यावर जायचं आणि टायरवाल्या दस्तगीरभाईंच्या दुकानात चहा प्यायचा, हा त्यांचा नेम. त्या दिवशी चहाबरोबर पेढेही गेले.

"किशनभाई, अब दुसऱ्या लग्नाचा फॉर्म भरून टाका," दस्तगीरभाई म्हणाले.

सगळे हसले. किशनराव सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि त्याला कारण होतं. त्यांच्या वडिलांना बासष्टावं चालू असताना लकवा मारला आणि आठ दिवसांत ते गेले. थोरला भाऊ माणिकराव बासष्टाव्यातच, तसाच गेला. 'आमच्या घरात बासष्टी कुणी ओलांडली न्हाई,' असं किशनराव चारचौघांत थट्टेनं म्हणत. पण एकसष्ट पूर्ण झाल्यापासून त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. हाताला जरा मुंग्या आल्या की ते गुपचूप बोटं हलवून बघत. ही भीती त्यांनी बायकोला, रुक्माबाईलाही सांगितली नव्हती. त्या कागदानं ती एका फटक्यात उडवून लावली. शरीर साठचं आहे ना, मग बासष्टीला अजून अवकाश आहे!

भीती गेली तशा बीपीच्या गोळ्याही गेल्या. सुटत आलेली तंबाखू खिशात परत आली.

करुणा शेजारच्या गावच्या उपकेंद्रात आरोग्य अधिकारी. लोकांच्या बापांना तंबाखू सोडायला लावणारी ही पोर घरच्या बापापुढे मात्र हात टेकून बसली होती. "बाबा, पयलंच पान गावभर दाखवत फिरता तुमी. दुसरं पलटून तर बघा. बीपी किती लिहिलंय?"

"तरुण माणसाला कशाला गोळ्या?" किशनराव म्हणायचे आणि तळहातावर चुना मळायचे.

फेब्रुवारीत त्यांची थोरली बहीण पारुबाई वारंगा फाट्याहून चार दिवस राहायला आली. घरात पाय ठेवताच किशनरावांनी तिच्यापुढे कागद धरला. पारुबाईनं तो घेतला, चष्मा लावला आणि पहिलं पान वाचलं. मग दुसरं वाचलं. शाबासकी काही दिली नाही. नुसतं "बरं" म्हणाली आणि पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बहीणभाऊ अंगणात ऊन खात बसले होते. घरात बाकी कुणी नव्हतं.

"किशन्या, तू एकसष्टचा न्हाईस," ती एकदम म्हणाली.

"व्हय तर! साठचा है."

"साठचाबी न्हाईस. अठ्ठावन्नचा हैस. म्हंजे तुझं शरीर तुझ्याहून दोन वर्षानं म्हातारं है."

पारुबाई जमिनीकडे बघून बोलू लागली. "मला शाळंत जायचं व्हतं. माय रोजानं जायची अन् तुला माझ्या कडंवर दिऊन जायची. गुरुजी म्हणले, पोरगं घिऊन वर्गात बसायचं न्हाई. ज्याचं नाव पटावर, तोच बसंल. मंग तुझंबी नाव घालायचं ठरवलं म्या."

त्या काळी खेड्यात जन्माचा दाखला कुणाकडे असायचा? पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की पोर शाळेच्या वयाचं झालं, एवढीच परीक्षा. लागला की गुरुजी लिहीत एक जून. आमच्याकडे त्या पिढीतली अर्धी माणसं एक जूनला जन्मली आहेत. एका दिवसात तेवढी बाळंतपणं कुठल्या सुईणीच्या बापाला जमली नसती.

"तुला चौथं लागलं व्हतं. हात कुठला पुरतो?" पारुबाई म्हणाली. "आठ दिवस शिकवलं तुला. मान अशी वाकडी कर, खांदा असा उचल. लागलं बोट. गुरुजींलाबी पट भरायचा व्हता. त्यांनी सात वर्षं लिहिली. चौथीपस्तोर तू माझ्याशेजारी बसून पाटी चाटली, अन् म्या शिकले."

किशनरावांचं डोकं तापलं. "म्हंजे म्या तीन वर्षं आधी रिटायर झालो! तीन वर्षांची नोकरी गेली माझी, अक्का! अन् तू आज सांगून राहिली?"

"म्हणूनच तोंड उघडलं न्हाई आजवर. तू बोलशील, ही भीती व्हती." "पण माणिकच्या वक्ताला म्या गप बसले. त्यालाबी गोळ्या व्हत्या. त्यानंबी उशाखाली ठिवल्या. मला दिसत व्हतं, तरी बोलले न्हाई. आता तू एक राहिला मला."

"कशावरून म्या अठ्ठावन्नचा?" किशनरावांनी ताठर आवाजात विचारलं.

"विहाराच्या पायाभरणीला समदी वस्ती जमली व्हती, अन् माय घरात बाळंत झाली. दगडावर तारीख है. जाऊन वाच. शाळंत गेल्यावर पयला तोच दगड वाचला म्या."

किशनराव तरातरा निघाले. विहाराच्या पायरीवर ते आयुष्यभर बसत आले होते. तो दगड वाचावा असं कधी मनात आलं नव्हतं. निळ्या रंगाचे हात बसून अक्षरं बुजली होती. त्यांनी नखानं रंग खरवडला. चौदा ऑक्टोबर एकोणीसशे सहासष्ट.

बोटांवर वर्षं मोजली. अठ्ठावन्न. पुन्हा मोजली, तरी अठ्ठावन्नच.

आधी त्यांना हायसं वाटलं, इतकं की डोळे भरून आले. बासष्टावं अजून लांब होतं. मग लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. शरीर तर साठचं आहे. म्हणजे आपण तरुण कधीच नव्हतो, आपल्याला नुसतं म्हातारं लिहिलं होतं. त्या खोट्या आकड्याच्या भरवशावर आपण महिनाभर गोळ्या टाकून दिल्या. माणिकदादानं केलं तेच आपण पेढे वाटून केलं.

ही गोष्ट अक्काला आणि आपल्यालाच ठाऊक आहे, हेही त्यांच्या मनात आलं. गप्प राहिलं तर नाक्यावरची शान शाबूत. घटकाभर ते या विचाराशी खेळत बसले. मग खिशातली तंबाखूची पुडी त्यांच्या हाताला लागली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पुडी त्यांनी गटारीत टाकली, पण चुन्याची डबी ठेवली. ती नवी होती.

संध्याकाळी करुणा घरी आली तेव्हा ते कागद घेऊन दारातच उभे होते. सगळं सांगितलं. अक्काचं, दगडाचं, बासष्टीच्या भीतीचंही. रुक्माबाई चुलीपुढून उठून आली आणि ऐकत उभी राहिली.

करुणा रागावली नाही. तिनं विचारलं, "बाबा, आजोबांचं बीपी कधी कुणी मोजलं व्हतं का?"

"न्हाई. त्या काळी कोण मोजतंय?"

"मंग घरात बासष्टीचा शाप कुठून आला? शाप न्हाई, बीपी व्हतं. ते मोजता येतं अन् कमीबी करता येतं. ही दोन वर्षं वरची हैत, ती उतरवू. चला, गोळी घ्या."

गोळी घेतली. तंबाखू मात्र एका दिवसात सुटली नाही. एप्रिलमध्ये एका लग्नात ती परत तोंडात गेली आणि आठवडाभर राहिली. करुणानं तेव्हा खरंच बोल लावले. ठेचा, पापड आणि लोणचं यांतलं एकच काय ते ताटात, असा रुक्माबाईनं कायदा केला. घरातल्या खुर्चीवर किशनराव रोज उठाबशा काढू लागले. नाक्यावर मोटारसायकल जायची बंद झाली. तीन किलोमीटर पायी जायचं आणि पायीच यायचं.

दस्तगीरभाईंना त्यांनी खरं वय आपण होऊनच सांगितलं. आता हा माणूस महिनाभर हसणार, अशी तयारी ठेवून सांगितलं. दस्तगीरभाई हसलेही, मग जवळ सरकले. "किशनभाई," ते हळूच म्हणाले, "आपलीबी तारीख एक जूनच है." दुसऱ्या दिवसापासून नाक्यावरून गावाकडे अर्ध्या वाटेपर्यंत ते किशनरावांना सोबत करू लागले.

ऑक्टोबरात पथक पुन्हा आलं. किशनरावांनी मुद्दाम निरोप धाडून पारुबाईला बोलावून घेतलं. बीपी जानेवारीत एकशे साठ होतं, ते एकशे तीसवर आलं होतं. खुर्चीतून तेव्हा नऊ वेळा उठले होते, आता चौदा वेळा उठले. शरीराच्या वयाचा आकडा पंधरा दिवसांनी येणार होता. पण धाप लागली नव्हती, तेव्हा किशनरावांना तो थोडाफार कळलाच होता.

टेबलावरच्या मुलीनं जन्मतारीख विचारली. त्यांनी दगडावरची सांगितली. तिनं आधार कार्ड बघितलं आणि ती गोंधळली. किशनरावांनी थोडक्यात हकिगत सांगितली.

"मग काका, आधारवर दुरुस्त करून घ्या ना. तीन वर्षांचा फरक आहे, थोडाथोडका नाही."

किशनरावांनी मागे वळून पाहिलं. बायकांच्या रांगेत पारुबाई बसली होती. चौघीजणी आपापले फॉर्म घेऊन तिच्याभोवती दाटल्या होत्या. अंगठा उठवण्याआधी वर काय लिहिलंय, ते तिला विचारत होत्या. ती ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं वाचून सांगत होती. स्वतःच्या फॉर्मवर तिनं आधीच गोल अक्षरात पूर्ण नाव लिहून टाकलं होतं.

"मोजायला खरी तारीख घ्या, पोरी," किशनराव म्हणाले. "पण कार्डावर है तशीच राहू द्या. ती तीन वर्षं माझ्या अक्काची हैत."