आधी लेबल

ताईनं जन्मभर बाटल्यांवर लेबलं डकवली आणि शेवटी एक बाटली स्वतःच्याच घरात विसरली. ती नेमकी माझ्या हाती लागायची होती.

झुरळं फार झाली म्हणून मी मागच्या खोलीतलं कपाट आवरायला काढलं होतं. मागच्या रांगेत तपकिरी काचेची बाटली दिसली. उचलणार तेवढ्यात बुचाकडे लक्ष गेलं. कडेनं बारीक पांढरे खडे धरले होते, मिठाच्या बरणीच्या झाकणाला धरतात तसे.

मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही. पण लहानपणापासून ताईच्या पाठोपाठ राहिलेय, जेवता जेवता तिनं एवढं तरी डोक्यात घातलंय. उघडलेलं ईथर वर्षानुवर्षं पडून राहिलं की बुचाशी असे खडे धरतात, आणि मग नुसतं बूच फिरवलं तरी बाटलीचा स्फोट होतो. तिच्या साहेबांची बोटं अशीच गेली.

हे साहेब म्हणजे ज्यांनी तिला पहिल्या दिवशी काचेची भांडी विसळायला बसवलं ते. रसायन विभागात आलेली ती पहिलीच बाई. संशोधनाला जागा मागितली तर जिन्याखालची अडगळीची खोली दिली, वर दात काढले. त्या खोलीत तिनं झाडाच्या सालीतून तापावरचं औषध काढलं, याच ईथरच्या जोरावर. साहेबांच्या हातात बाटली फुटली तेव्हा बाकीच्या मर्दांनी धूम ठोकली आणि साहेबांचा हात पदरात घट्ट आवळून धरला तो हिनं. पुढे त्यांच्याच खुर्चीवर बसली.

त्या दिवसापासून तिची शिस्त एकच. बाटलीवरचं लेबल आधी मोठ्यानं वाचायचं, मग बूच बघायचं, मगच उघडायचं. जो विसरेल तो दाराबाहेर. एकदा पाहणीला आलेल्या मंत्र्यालाही तिनं वाचायला लावलं होतं. तो बिचारा खिशात चष्मा चाचपत राहिला.

निवृत्तीनंतर तिनं मागच्या खोलीत टेबल मांडलं. घर आहे की कारखाना, म्हणून मी कमी का कटकट केली? मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेगडी, मग मी. आता ती मला अहोजाहो करते. ‘बाई, तुम्ही फार चांगल्या आहात,’ म्हणते. राग येतो मला. ज्या बहिणीनं माझ्या वेण्या घातल्या तिच्याकडून मला चांगुलपणाचं प्रशस्तिपत्र नकोय.

असो. मी जीव मुठीत धरून मागे सरले, कपाट उघडंच टाकलं आणि पुढच्या खोलीत येऊन बंबवाल्यांना फोन लावला. ताई खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. पलीकडचा माणूस पत्ता विचारत होता, बाटली केवढी, कुठे ठेवलीय, घरात कोण कोण. मी त्याला पत्त्याची खूण नीट सांगावी म्हणून भिंतीकडे तोंड केलं. तेवढीच माझी चूक. वळून पाहते तो खुर्ची रिकामी.

मागच्या खोलीच्या दाराशी पोचले आणि तिथेच थबकले. बाटली टेबलावर होती. ताईनं चष्मा कपाळावर चढवला होता, डाव्या हातानं बाटलीची मान धरली होती आणि उजवा हात बुचावर होता. चेहरा अगदी प्रसन्न. कामाला लागली होती ती.

ओरडले असते तर दचकली असती. ओढायला गेले असते तर तिनं हिसडा दिला असता. ताई म्हणून हाक मारावी, तर ताई कोण हेच तिला ठाऊक नाही. बोटं बुचावर आवळली गेलेली मला दिसली.

“मॅडम,” मी म्हटलं, “लेबल वाचायचं राहिलं.”

बोटं थांबली. तिनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि बाटली न उचलता स्वतःच वाकली.

“ईथर,” तिनं मोठ्यानं वाचलं. मग खाली स्वतःच्याच अक्षरातलं साल वाचलं. मग तिनं बुचाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आधी उजवा हात सुटला, एकेक बोट करून, मग डावा.

माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, “बाई, तुम्ही बाहेर व्हा. धावू नका, जमीन हादरते. आणि पुढच्या खोलीत माझी धाकटी बहीण असेल. हट्टी आहे, माझ्याशिवाय हलायची नाही. तिला हाताला धरून न्या.”

मी तिलाच हाताला धरलं आणि पावलं न वाजवता रस्त्यावर आणलं.

बंब आला. लोक आत गेले. आम्हांला पलीकडच्या बाजूला उभं केलं होतं. ताईची नजर आमच्या दारावर खिळलेली.

“ती आली का बाहेर?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. तिचा विश्वास बसला नाही. एकदम रस्ता ओलांडायला निघाली. मी दोन्ही हातांनी तिला विळखा घातला तर या वयात काय जोर तिच्या अंगात! मला ढकलत होती, लाथा झाडत होती, आणि घराकडे तोंड करून मला हाका मारत होती, लहानपणच्या नावानं.

“बुटके, बाहेर ये! बुटके!”

मी तिच्या कानाशी ओ दिली. पुन्हा दिली. तिनं मान वळवली नाही.