शिऱ्याची साखर

सत्यनारायणाची आरती संपली आणि सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या एका इमारतीखालच्या मोकळ्या जागेत जमलेली मराठी मंडळी देवाकडे पाठ करून काढा विकणाऱ्या सौमित्रच्या टेबलाभोवती गोळा झाली. हा मूळचा मुलुंडचा, पण आज अंगात रेशमी कोरियन झगा होता.

"कोरियाच्या डोंगरातली सात मुळं, काका. झोपलेल्या स्वादुपिंडाला हाक मारून उठवतात. अर्ध्या तासात साखर खाली."

आणि खरंच, काढ्याआधी रांगेतल्या पहिल्या अश्विनची साखर सोळा भरली, काढ्यानंतर सात. सिंगापूरच्या मोजणीत सोळा म्हणजे भारतातले जवळपास तीनशे, सात म्हणजे सव्वाशे, निर्धास्त. लोकांनी तोंडात बोटं घातली.

सुलेखा मात्र धास्तावली. तिचा नवरा निशिकांत बारा वर्षं इन्सुलिनवर होता आणि सकाळीच म्हणाला होता, "काढा लागू पडला तर उद्यापासून सुया बंद." सुया बंद म्हणजे आठवडाभरात इस्पितळ, हे शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सुलेखाला पक्कं ठाऊक होतं. निशिकांतचा हट्टही ठाऊक होता.

त्याचा नंबर आला. "आधी प्रसाद," सौमित्रने शिऱ्याचा द्रोण पुढे केला. "चमच्याने नाही, हातानेच घ्यायचा. आता बोटं टिश्यूला पुसा. उजवाच हात द्या, शुभकार्य आहे."

बोट टोचून त्याने थेंब यंत्राला लावला. सोळा पॉइंट आठ.

"आता कोरियन रीत. आल्याच्या कोमट पाण्याने हात धुवायचे, मगच काढा."

हात आत्ता धुवायचे? सुलेखाने टेबलाखाली डोकावून पाहिलं. तिने स्वतः प्रसादासाठी आणलेलं चमच्यांचं पाकीट सौमित्रच्या पिशवीत खोचलेलं होतं. तिने नवऱ्याला थांबवलं आणि शिरा खाल्लेल्या आपल्या उजव्या हाताचं बोट पुढे केलं. "माझीही बघा."

सतरा.

"ताई, तुम्हालाही डायबेटिस आहे," सौमित्र हळहळला.

"असं? मग हाही बघा." तिने डावा हात नळाखाली धुतला, कोरडा केला, टोचून घेतला. सहा. काढ्याचा थेंबही न पिता.

अश्विनला हसू फुटलं. "म्हणजे यंत्राने माझी नाही, शिऱ्याची साखर मोजली?"

"बोटावर राहिलेली. ती रक्ताच्या थेंबात मिसळते. आणि याची गिऱ्हाइकं काढ्याने नाही, हात धुतल्याने बरी होतात," सुलेखा म्हणाली.

सौमित्र 'पाण्याचे संस्कार' असं काहीसं पुटपुटत बाटल्या पिशवीत भरू लागला.

"मुळं वाईटच असतील असं मी म्हणत नाही," सुलेखा म्हणाली. "शेकडो रुग्ण घ्या. निम्म्यांना काढा, निम्म्यांना तसाच दिसणारा साधा रस, आणि कोणाला काय मिळालं ते कुणालाच सांगू नका. महिनोन्महिने मोजा, सगळ्यांचे हात धुवून. गुण आला तर मीच बाटली आणीन. औषध कोरियाचं की कोकणातलं, हा प्रश्नच नाही. तपासलं कसं, ते विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन सोडू नका."

निशिकांत नळावर गेला. साबणाने हात धुऊन त्याने पुन्हा टोचून घेतलं. नऊ. त्याने यंत्र खाली ठेवलं; सुया आपलं काम करत होत्या.

"माझं पेन आणलंयस ना?" त्याने विचारलं.

सुलेखाने पर्समधून इन्सुलिनचं पेन काढून त्याच्या हातात ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते.

"शिरा झकास झालाय," तो म्हणाला. "पुढच्या वेळी चमचा दे."